तोट्याचा आखाडा, हौसेचा धनी

केबल टीव्ही नुकता घराघरांत शिरला होता तेव्हाची गोष्ट. आमच्या इमारतीतली पोरं खिशात पत्ते घेऊन फिरायची. साधे पत्ते नव्हेत, पैलवानांचे! अंडरटेकर, ब्रेट हार्ट, हल्क होगन... कुणाची उंची किती, वजन किती, छाती किती, सगळं तोंडपाठ. सतराचा पाढा मात्र विचारायचा नाही. शेजारचे आजोबा कोल्हापूरकडचे, खासबागेच्या मैदानात बसून कुस्त्या पाहिलेले. एकदा नातवाच्या आग्रहाखातर ते टीव्हीपुढे बसले. पाच मिनिटांत उठले आणि म्हणाले, ‘‘ही नुरा कुस्ती आहे रे. ठरवून पाडतायत एकमेकांना.’’ नातू दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही.

आजोबांचं बरोबर होतं. या कुस्तीचा सर्वांत मोठा मालक विन्स मॅकमहन याच्या कंपनीने १९८९ सालीच न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे सांगून टाकलं होतं, की आमचा खेळ म्हणजे करमणूक. त्याला क्रीडा मंडळाचे नियम लावू नका. म्हणजे ‘खरं की खोटं’ हा वाद तिथे केव्हाच मिटला. मला मात्र तेव्हापासून दुसरंच कुतूहल आहे. रिंगणात कोण जिंकणार हे मालक ठरवतो. पण गल्ल्यात किती पडणार, हे काही त्याला ठरवता येत नाही! मॅकमहनचा गल्ला भरला, त्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्याशी झुंजून वर्षानुवर्षं तोटा सोसणारे जे बाकीचे मालक, ते कशासाठी हा धंदा कवटाळून बसले? आखाडा आतबट्ट्यात चाललाय हे दिसत असताना माणूस रोज सकाळी उठून पुन्हा त्यातच पैसे का ओततो?

उत्तर ‘हौस’ एवढ्या एका शब्दात देऊन मोकळं होता येईल. पण हौसेच्याही जाती असतात.

सर्वांत सोपी जात म्हणजे जुना पैलवान. अमेरिकेत पूर्वी कुस्तीच्या हद्दी वाटलेल्या होत्या. प्रत्येक मुलखाचा मालक वेगळा, कुणी कुणाच्या हद्दीत जायचं नाही, असा रिवाज. मिनियापोलिसच्या हद्दीचा धनी होता व्हर्न गान्या. स्वतः पट्टीचा मल्ल. १९६० साली त्याने आपली कंपनी थाटली, मालक तोच आणि अनेकदा विजेताही तोच! १९८१ साली तो निवृत्त झाला तेव्हा वय होतं पंचावन्न आणि कमरेला विजेतेपदाचा पट्टा होता. निकाल मालक ठरवतो म्हटल्यावर दुसरं काय होणार? दोन-अडीच वर्षांनी त्याच्याकडचा हल्क होगन मॅकमहनने पळवला. लोक ज्याच्या नावाने ओरडत होते तो गडी गेला, आणि १९९१ साली कंपनी बुडाली. तोवर गान्या तगून राहिला, कारण रिंगण सोडलं तर आपण कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. आपल्याकडे फडातून निवृत्त झालेल्या पण फड न सोडणाऱ्या तमासगिराला पाहिलं असेल तर हा माणूस तुम्हाला लगेच ओळखू येईल.

दुसरी जात हट्टाची. इथे मालक नव्हे, मालकीण आहे. अटलांटात रे गंकेल नावाचा पैलवान कुस्ती-कंपनीत भागीदार होता. १ ऑगस्ट १९७२ रोजी एका कुस्तीनंतर तो मरण पावला. त्याचा हिस्सा बायकोकडे, ॲनकडे आला. बाकीच्या भागीदारांना बाई नको होती. त्यांनी नवी कंपनी काढून तिला बाजूला सारायचा घाट घातला. विधवा बाई, रडेल आणि घरी बसेल, असा त्यांचा हिशेब असावा. ॲनने काय करावं? स्वतःचीच कंपनी काढली आणि जवळजवळ सगळे पैलवान आपल्याकडे ओढून नेले! भागीदारांना बाहेरून गडी मागवावे लागले. दोन वर्षं अटलांटात दोन आखाडे एकमेकांसमोर घुमत राहिले. त्यातून फार पैसा मिळणार नव्हता हे तिलाही कळत असणार. १९७४ साली तिने कंपनी बंद केली. पण त्या दोन वर्षांत तिला स्थानिक टीव्हीवर वेळ देणारा एक तरुण होता. त्याचं नाव टेड टर्नर. आजची खरी गोष्ट त्याची आहे.

टर्नरचे वडील रस्त्याकडेच्या जाहिरात-फलकांचा धंदा करत. १९६३ साली त्यांनी आत्महत्या केली. चोवीस वर्षांच्या टेडने धंदा हातात घेतला, वाढवला आणि १९७० साली अटलांटातली एक मरतुकडी टीव्ही वाहिनी विकत घेतली. सतरा नंबरची. चित्र नीट दिसायचं नाही, जाहिरातदार फिरकायचे नाहीत. मोठ्या वाहिन्यांसारखे नवे कार्यक्रम बनवायला पैसा कुठून आणणार? टर्नरने जुने सिनेमे लावले, जुन्या मालिका लावल्या आणि कुस्ती आणली.

कुस्तीच का? टीव्हीवाल्याच्या नजरेने बघा. एक रिंगण, दोन-तीन कॅमेरे, स्टुडिओत बसवलेले शे-दोनशे प्रेक्षक. संपला खर्च! क्रिकेटला हंगाम असतो, पाऊस असतो. या कुस्तीला दोन्ही नाहीत. बावन्न आठवडे चालते. आणि तिचा प्रेक्षक निष्ठावान. शनिवारी संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी तो पडद्यासमोर हजर. (ही पाच मिनिटंही टर्नरचीच युक्ती. त्याचे कार्यक्रम तासाला पाच मिनिटं उशिरा सुरू व्हायचे, म्हणजे वेळापत्रकात त्याची ओळ वेगळी छापली जायची आणि दुसरीकडचा कार्यक्रम संपलेला प्रेक्षक आयता सापडायचा.) १७ डिसेंबर १९७६ पासून टर्नरने ही वाहिनी उपग्रहावरून देशभर केबलवर दाखवायला सुरुवात केली. देशभरच्या लोकांना त्या नव्या वाहिनीची सवय लागली, त्यात या स्वस्त कुस्तीचा वाटा मोठा होता. हे उपकार टर्नर विसरला नाही.

१९८४ साली मॅकमहनने अटलांटाच्या कंपनीचे शेअर गुपचूप खरेदी केले आणि १४ जुलैच्या शनिवारी सहा वाजून पाच मिनिटांनी पडद्यावर त्याचे पैलवान अवतरले. आपले ओळखीचे चेहरे गायब! प्रेक्षकांनी तक्रारींचा पाऊस पाडला. तो दिवस तिथे अजून ‘काळा शनिवार’ म्हणून ओळखला जातो. टर्नर भडकला. अखेर १९८५ साली मॅकमहनने ती वेळ दहा लाख डॉलरना जिम क्रॉकेट या मालकाला विकली आणि तो बाजूला झाला.

हा क्रॉकेट नॉर्थ कॅरोलिनातला. कुस्तीचा धंदा वडिलोपार्जित. वडिलांनी एका मुलखात सुखाने चालवलेला आखाडा त्याने देशभर न्यायचं ठरवलं. खासगी विमानं घेतली, दुसऱ्याची कंपनी विकत घेतली, डलासला कचेरी थाटली. मॅकमहन काय गप्प बसतो! १९८७ च्या नोव्हेंबरात क्रॉकेटचा मोठा कार्यक्रम होता, घरबसल्या पैसे भरून बघायचा. मॅकमहनने त्याच रात्री आपला कार्यक्रम लावला आणि केबलवाल्यांना बजावलं, की त्याचा दाखवाल तर माझा पुढचा मोठा कार्यक्रम तुम्हाला मिळणार नाही. केबलवाले शहाणे. क्रॉकेट बसला. वर्षभरात वडिलांची पेढी विकायला निघाली.

आणि १९८८ च्या नोव्हेंबरात टर्नरने ती घेतली. पुढे तिचं नाव झालं डब्ल्यूसीडब्ल्यू.

इथे हौस किती आणि हिशेब किती? मला दोन्ही दिसतात. क्रॉकेट बुडाला असता तर टर्नरच्या वाहिनीवरची शनिवारची भरलेली वेळ रिकामी झाली असती आणि ती भरायला बाजारात एकच मोठा दुकानदार उरला असता, मॅकमहन! ज्याच्याशी भांडण, त्याच्याच दारात पिशवी घेऊन उभं राहायचं? त्यापेक्षा दुकानच विकत घेतलेलं बरं. हा झाला हिशेब. पण पुढची पाच-सहा वर्षं कंपनी सतत तोट्यात होती. टर्नरचे अधिकारी ‘हे गचाळ प्रकरण बंद करा’ म्हणत होते. सीएनएनसारखी प्रतिष्ठित वृत्तवाहिनी चालवणाऱ्या घरात हे चड्डीवाले कशाला, असा त्यांचा सूर. टर्नर ऐकत नव्हता. या वाहिनीला कुस्तीने उभं केलंय, मी आहे तोवर कुस्ती राहील, अशा अर्थाचं तो बैठकीत बोलायचा, असं तिथली जुनी माणसं सांगत आली आहेत. पहिल्या फळीतला भाऊ शिकला, मोठा झाला, पण दुकानातल्या जुन्या नोकराला काढायचं नाही म्हणतो, तसलाच हा प्रकार.

त्या तोट्याचीही एक गंमत होती. पैलवानांचे पगार, हॉटेलं, विमानं हा खर्च कुस्ती-कंपनीच्या खात्यात. पण कुस्तीमुळे वाहिनीला जो प्रेक्षक मिळायचा, त्याच्या जिवावर येणारं जाहिरातींचं उत्पन्न मोठ्या प्रमाणात वाहिनीच्या खात्यात! एकत्र कुटुंबात धाकट्या सुनेने राबायचं आणि दुधाचे पैसे थोरलीच्या डब्यात जायचे, तसं. वर पुन्हा ‘धाकटी खर्चिक आहे’ हा शेरा.

मालकाला माया असली तरी कारभारी कसे असावेत, याचा नमुनाही इथेच मिळतो. कंपनी चालवायला जिम हर्ड नावाचा गृहस्थ नेमला. टीव्ही स्टेशनाचा अनुभव, मधल्या काळात पिझ्झाच्या कंपनीत अधिकारी. त्याच्याकडचा सर्वांत मोठा गडी होता रिक फ्लेअर. पांढरेशुभ्र लांब केस, चमचमते झगे. हर्डच्या डोक्यात आलं, याचे केस कापावेत, कानात बाळी घालावी आणि याला रोमन गुलाम स्पार्टाकस करावं! फ्लेअरने पुढे स्वतःच हे सांगितलं आहे. १९९१ साली दोघांचं फाटलं, फ्लेअरला काढलं. पण रिवाज असा होता, की विजेत्याने पट्ट्यापोटी २५ हजार डॉलर अनामत ठेवायची. ती त्याला परत मिळाली नाही. मग त्याने पट्टाच बगलेत मारला आणि थेट मॅकमहनच्या टीव्हीवर जाऊन मिरवला! टर्नरच्या कंपनीचा विजेता शत्रूच्या घरी, पट्ट्यासकट. असा तमाशा बघूनही टर्नरने कंपनी बंद केली नाही. माझ्या मते माया म्हणतात ती हीच.

१९९५ साली टर्नरने कंपनीचा तेव्हाचा कारभारी एरिक बिशॉफ याला विचारलं, मॅकमहनशी बरोबरी करायला काय लागेल? बिशॉफ तयारीत नव्हता. सुचेल ते बोलून गेला, की सोमवारी रात्री त्याच्यासमोर वेळ हवी. टर्नरने तिथल्या तिथे वेळ दिली! ४ सप्टेंबर १९९५ रोजी ‘नायट्रो’ सुरू झालं. हल्क होगन आधीच आला होता. १९९६ साली त्या जन्मजात नायकाला खलनायक केलं आणि मग ८३ आठवडे सलग मॅकमहन मागे पडला. ज्या कंपनीला बंद करा म्हणत होते, ती नफ्यात आली.

नफा टिकला नाही. भरमसाट पगारांचे करार, म्हाताऱ्या नायकांची मिजास, रोज नवा कारभारी. २००० सालचा तोटा सहा कोटी डॉलरच्या घरात असल्याचं प्रसिद्ध झालं. पण कंपनी मेली ती तोट्याने नव्हे, असं माझं मत आहे. तोटा तिला नवा नव्हताच. मधल्या काळात, १९९६ साली, टर्नरने आपला सगळा कारभार टाइम वॉर्नरमध्ये विलीन केला होता आणि २००१ च्या जानेवारीत त्या टाइम वॉर्नरचं एओएलशी लग्न लागलं. दोन लग्नांत टर्नरचं नाव पाटीवर राहिलं, अधिकार गेला. मार्च २००१ मध्ये वाहिन्यांच्या नव्या प्रमुखाने सांगितलं, आमच्या वाहिन्यांवर कुस्ती नको. आम्हाला हवे आहेत तसे जाहिरातदार हिच्यामागे येत नाहीत. त्या वाहिनीवर सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या कार्यक्रमांत कुस्ती होती, तरीही! बिशॉफने भांडवलदार जमवून कंपनी विकत घ्यायचं ठरवलं होतं. त्यांनी माघार घेतली. दुकानाची जागाच काढून घेतल्यावर नुसती पाटी कोण विकत घेणार? ती घेतली मॅकमहनने. नाव आणि चित्रफितींचा साठा, किंमत पंचवीस लाख डॉलरच्या आसपास, असं तेव्हा छापून आलं. एकेका मोठ्या पैलवानाचं वर्षाचं मानधनही याहून फार कमी नव्हतं.

२६ मार्च २००१ च्या रात्री फ्लोरिडातल्या पनामा सिटी बीचवर शेवटची कुस्ती लागली ती रिक फ्लेअर आणि स्टिंग यांची. हा स्टिंग म्हणजे तोंड रंगवून येणारा गडी. क्रॉकेटच्या काळात २७ मार्च १९८८ रोजी ग्रीन्सबरो गावात याच फ्लेअरशी बरोबरीत सोडवलेल्या कुस्तीने तो रातोरात मोठा झाला होता. शेवटच्या रात्री दोघं लढले, मग एकमेकांना मिठी मारली. बड्यांचे करार थेट मोठ्या कंपनीशी होते, त्यामुळे ते काही काळ घरी बसून पगार घेत राहिले. लहानांना दुसऱ्या दिवसापासून काम नव्हतं.

लहानांचं काय होतं हे बघायचं तर त्याच वर्षी फिलाडेल्फियाकडे वळावं. तिथे एका बिंगो खेळायच्या हॉलमध्ये ईसीडब्ल्यू नावाचा आखाडा चालायचा. टॉड गॉर्डन नावाच्या एका सराफाने तो १९९२ साली काढला. पुढे तो पॉल हेमनकडे आला. हेमन बुद्धीने तल्लख, बोलण्यात पटाईत. पैलवानांना तो भाषण द्यायचा आणि ते टेबलांवर, काटेरी तारांवर अंग टाकायला तयार व्हायचे. त्यांना दिलेले चेक मात्र पुढेपुढे बँकेतून परत यायचे. एप्रिल २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा देणी ८९ लाख डॉलरच्या आसपास आणि मालमत्ता जेमतेम १४ लाखांची. देणेकऱ्यांच्या यादीत त्याचे पैलवानही होते. हेमन तोवर मॅकमहनच्या कार्यक्रमात समालोचक म्हणून रुजू झालेला!

अमेरिकेत या पैलवानांना कंपन्या नोकर मानत नाहीत, कंत्राटदार मानतात. म्हणजे हाड मोडलं तर विमा ज्याचा त्याने बघायचा. आपल्या तमाशात कलावंत उचल घेतो आणि फडमालकाचा ऋणी राहतो. तिथे उलट. मालकच कलावंताचा ऋणी, पण तंगडी मोडते ती कलावंताचीच.

दोन आखाडे एका महिन्यात बंद झाल्यावर शेकडो गडी मोकळे झाले. टेनेसीतले जुने कुस्ती-मालक जेरी जॅरेट आणि त्यांचा पैलवान मुलगा जेफ मासेमारीला गेले असताना त्यांच्या डोक्यात नवी कंपनी शिजली, असं सांगतात. १९ जून २००२ रोजी अलाबामातल्या हंट्सव्हिलमध्ये ‘टीएनए’ सुरू झाली. दर आठवड्याला ९ डॉलर ९५ सेंट भरा आणि घरी बघा. लोकांनी भरले नाहीत. काही महिन्यांतच पहिल्या पाठीराख्याने हात काढून घेतला. कंपनीच्या प्रसिद्धीचं काम बघायला डिक्सी कार्टर नावाची एक तरुणी होती. तिला कुस्तीची काही आवड नव्हती. पण तिला वाटलं, हे चालेल. तिने टेक्सासला वडिलांकडे शब्द टाकला. वडील बॉब कार्टर, वीजनिर्मिती प्रकल्प उभारणाऱ्या पांडा एनर्जी कंपनीचे प्रमुख. २००२ च्या ऑक्टोबरात पांडाने सत्तर टक्क्यांहून जास्त हिस्सा घेतला. लेक पुढच्याच वर्षी कंपनीची अध्यक्ष झाली.

तेव्हापासून कुस्तीशौकिनांचा आवडता छंद म्हणजे कार्टर हे का करतात याचा तर्क लढवणं. कुणी म्हणायचं, कर वाचवायला तोटा दाखवतात. मला हा तर्क कधी पटला नाही. रुपया बुडवून तीस-चाळीस पैसे कर वाचला, तरी साठ पैसे गेलेच की! एखाद्या वर्षी ठीक. चौदा वर्षं कोण असा हिशेब करेल? मला तिथे एक बाप दिसतो, लेकीला दुकान काढून देणारा. आपल्याकडेही मुलीला ब्यूटी पार्लर, मुलाला मोबाइलचं दुकान काढून देतात आणि वर्षअखेर वहीकडे न बघता ‘बरं चाललंय ना?’ एवढंच विचारतात. आणि डिक्सीबाईंचं म्हणाल तर आधी काम म्हणून आलेली बाई हळूहळू त्या माणसांत रमली. एकदा पोसायला घेतलेलं पोर मध्येच रस्त्यावर कसं सोडायचं?

पैसा कसा जायचा बघा. फ्लोरिडात ओरलँडोला युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात वर्षानुवर्षं चित्रीकरण व्हायचं. आत येणाऱ्यांना तिकीटच नव्हतं. करमणूक बागेत आलेले पर्यटक पाय दुखले म्हणून येऊन बसायचे! आणि रिंगणात कोण? १९९६ च्या ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता कर्ट अँगल. आणि आपला तोंड रंगवणारा स्टिंग. २०१० च्या जानेवारीत हल्क होगनला आणून सोमवारी रात्री मॅकमहनसमोर उभं राहायची हौसही करून झाली. दोन महिन्यांत सोमवार सोडून परत गुरुवारी.

याच कंपनीने एकदा आपल्या दारात तंबू ठोकला होता, हे किती जणांना आठवतं? डिसेंबर २०११ मध्ये पुण्याला बालेवाडीच्या क्रीडा संकुलात ‘रिंग का किंग’चं चित्रीकरण झालं. जेफ जॅरेट स्वतः आला होता. अमेरिकन गडी आणि त्यांच्यासोबत आपली देशी पोरं, चेहरा म्हणून हरभजनसिंग. जानेवारी ते एप्रिल २०१२ या काळात कलर्सवर २६ भाग झाले. तोट्यातल्या कंपनीला वाटतं, इथे नाही तर तिथे, कुठेतरी आपला प्रेक्षक असेल. पुढचं पर्व झालं नाही. ज्यांच्या देशात मातीतली खरी कुस्ती गावोगावच्या जत्रेत फुकट बघायला मिळते, त्यांना नुरा कुस्ती विकणं सोपं नाही, असं म्हणायचा मोह होतो. पण तो खरा नव्हे. मॅकमहनची आपल्याकडे विकली गेलीच की!

२०१४ नंतर मोठ्या वाहिनीने टीएनएची साथ सोडली. एका लहान वाहिनीवरून त्याहून लहान वाहिनीवर. पगार उशिरा मिळतात, अशा पैलवानांच्या तक्रारी बाहेर येऊ लागल्या. बापाची तिजोरी पूर्वीसारखी उघडत नव्हती. २०१६ साली ‘स्मॅशिंग पंपकिन्स’ या रॉक वाद्यवृंदाचा गायक बिली कॉर्गन लहानपणापासूनच्या प्रेमापोटी पैसे घेऊन आला, अध्यक्ष झाला आणि दोनच महिन्यांत डिक्सीबाईंशी कोर्टात भांडत होता. अखेर जानेवारी २०१७ मध्ये कॅनडाच्या अँथम कंपनीने टीएनए ताब्यात घेतली. तिच्याकडे स्वतःची वाहिनी होती आणि वाहिनीला रोज काहीतरी दाखवायला लागतं. म्हणजे पुन्हा टर्नरचाच १९८८ सालचा हिशेब! कॉर्गन बरा झाला असेल असं वाटलं? छे! त्याच वर्षी त्याने एनडब्ल्यूए हे कुस्तीतलं एक जुनं नाव विकत घेतलं. एकदा लागलेली चव.

आता शेवटचा मालक. टोनी खान. वडील शाहीद खान लाहोरहून अमेरिकेत गेले, गाड्यांच्या सुट्या भागांच्या धंद्यात अब्जाधीश झाले. मुलगा पोरवयापासून कुस्तीवेडा. २०१९ साली त्याने वडिलांच्या पाठिंब्यावर एईडब्ल्यू कंपनी काढली. २ ऑक्टोबर २०१९ रोजी तिचा पहिला साप्ताहिक कार्यक्रम लागला, तो टीएनटी वाहिनीवर. ज्या टर्नरच्या वाहिनीवरून अठरा वर्षांपूर्वी कुस्तीला हाकललं होतं, तीच ही! तिथे आता त्याला कुणी नको म्हणत नव्हतं, कारण केबल सोडून चाललेल्या जमान्यात आठवड्याला ठरलेल्या वेळी येऊन बसणारा प्रेक्षक दुर्मिळ झाला होता.

डिसेंबर २०२० मध्ये त्या कार्यक्रमात कृत्रिम बर्फ पडला आणि त्यातून तोंड रंगवलेला स्टिंग चालत आला. क्रॉकेटचा, टर्नरचा, कार्टरबाईंचा, मध्ये थोडे दिवस मॅकमहनचा आणि आता खानचा. ३ मार्च २०२४ रोजी तो शेवटचा लढला. वय चौसष्ट. गाव तेच, ग्रीन्सबरो. सभागृह खचाखच भरलेलं. त्याची दोन्ही मुलं बापाच्या जुन्या वेषात, तोंडं रंगवून त्याच्यासाठी मारामारी करून गेली. रिक फ्लेअरही होता, पंचाहत्तरीचा, पांढरे केस अजून लांब. निकाल अर्थातच ठरलेला होता. स्टिंगने सामना संपवला आणि माइक हातात घेतला.